निळ्या झाकणाची नळी

त्या दुपारी मला झोप लागली. साधी डुलकी नव्हे, उशी ओली होईपर्यंत गाढ. उठलो तो इतका खुशीत की चहा मागायच्या आधी मी ही बातमी घरभर सांगत सुटलो. माझ्यासारख्या माणसाला दुपारी झोप लागणं ही आमच्या घरात बातमीच होती.

त्याचं कारण माझी बायको. किंवा तिच्या छातीतली झडप. हृदयाची स्वतःची झडप खराब झाली म्हणून डॉक्टरांनी तिथे धातूची बसवली, आणि ऑपरेशन करून घरी आली त्या दिवसापासून बायको वाजायला लागली. टक, टक, टक. डॉक्टर म्हणाले, बाहेरच्याला क्वचितच ऐकू येतं, तेही अगदी शांत खोलीत. पण मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान, आणि तिथे बसून मला मागच्या गल्लीतल्या मशीनचा पट्टा सैल झालेला कळतो. रात्री मी दमून पडतो, तेव्हा कानाशी ढोल वाजवा. दुपारची झोप मात्र मुळातच नाजूक. त्यात शेजारी ही आडवी झाली की सुरू. टक, टक.

मी त्या झडपेला भाडेकरू म्हणायचो. "तुझा भाडेकरू आज फार दंगा करतोय." त्यावर बायको म्हणायची, "तो आहे म्हणून घर उभं आहे. तुम्ही कुशीवर वळा." मी वळायचो. कानात कापूस घालायचो, उशी डोक्यावर घ्यायचो, शेवटी वैतागून उठायचो आणि दुकानात जाऊन कुणाचं तरी मशीन उगाच उघडून बसायचो. इतकी वर्षं हेच चाललं होतं.

त्या भाडेकरूपायी तिला रोज एक गोळी घ्यावी लागे. सुरुवातीला ती घ्यायलाच तयार नव्हती. "रक्त पातळ करायचं म्हणजे काय, पाणी घालायचं का त्यात?" असं तिने सुनेला विचारलं होतं. आमची सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. मुलाचं लग्न झालं तेव्हा बायको म्हणाली होती, बरं झालं, घरात एक तरी शिकलेलं माणूस आलं. मुलगा तिथेच उभा होता.

"पातळ होत नाही हो आई," सून म्हणाली. "म्हणायची पद्धत आहे ती. आपण फक्त गोठायला उशीर लावतो." मग तिने माझ्या टेबलावरचा दोरा उचलून आम्हाला सगळं समजावलं. कुठे कापलं की रक्तातल्या बारीक बारीक चकत्या आधी धावत येतात आणि एकमेकींना चिकटून भोकावर बसतात. तेवढं टिकत नाही. म्हणून रक्तातच विरघळलेला एक पदार्थ असतो, त्याचे धागे होतात आणि ते त्या चकत्यांवर जाळं विणतात. त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकल्या की झाली गुठळी तयार. जखमेवर हे हवंच, नाहीतर माणूस बोट कापून मरेल. पण रक्ताला धातूची झडप ओळखीची नाही. ते तिलाही जखम समजतं आणि तिच्यावरही विणायला बसतं.

"म्हणजे बॉबिन केसमध्ये दोरा गुंततो तसं," मी म्हटलं.

"तसंच. आणि मग मशीन अडतं."

हे बायकोला पटलं. तिचं आयुष्य शिवणात गेलं. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तो तिच्या मशीनमधला असाच गुंता काढायला. तेव्हापासून तिने गोळी चुकवली नाही. पालेभाजीसुद्धा रोज तेवढीच, कारण तिच्यामुळेही रक्ताचा हिशोब बदलतो म्हणे. मधूनमधून रक्त तपासून आकडा बघायचा. अडीच आणि साडेतीनच्या मधे असला तर सगळं ठीक. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

हे रक्त घ्यायचं काम म्हणजे तमाशा असे. दिवसभर हातात सुई खेळवणारी ही बाई, पण ती सुई आपल्या दंडाकडे आली की लहान मुलासारखी करायची. तिच्या शिरा बारीक, त्यात सरकणाऱ्या. सून तिला खुर्चीत बसवायची, पट्टा बांधायची, गप्पांत गुंतवायची. सुई टेकायच्या आधीच बायको सुरू. "मेले गं. काढ, काढ ती." मी दारात उभा. मला तिचं ते तोंड बघवत नसे, मग मीही ओरडायचो, "बस झालं गं, पुरे आता." सून बिचारी मऊ स्वभावाची. ती सुई काढून घ्यायची.

निळ्या झाकणाची छोटी नळी असते त्यासाठी. आत आधीपासून थोडं औषध असतं, आणि बाजूला एक रेघ. रक्त त्या रेघेपर्यंत यावं लागतं. आमच्याकडे ते रेघेच्या खाली राहायचं. आधी थोडं, पुढे पुढे बरंच. सून नळी उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, "भागेल एवढ्यात." आम्हाला वाटायचं, ती आम्हालाच सांगते आहे.

मग आकडा वर गेला. चारच्याही पुढे. डॉक्टरांनी गोळी कमी केली. पुढच्या खेपेला पुन्हा वर, म्हणून आणखी कमी केली. बायको खूश. अर्धी गोळी घेऊन ती मला दाखवायची, जणू शाळेत पहिला नंबर आला. मीही खूश होतो. इकडे तिकडे हात लागला की तिच्या अंगावर काळेनिळे डाग उठायचे, ते कमी झाले होते. मधे काही दिवस तिला दम लागत होता. मशीनवर बसली की मधेच थांबायची, खिडकीशी जायची. उकाडा आहे, ती म्हणाली. उकाडा होताच.

तर त्या दुपारी मी झोपून उठलो. सून घरीच होती, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "आज काय झोप लागली म्हणून सांगू. तुझ्या सासूचा भाडेकरू सुधारला बघ. दोन-तीन दिवस झाले, आवाजच नाही त्याचा."

तिच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीवर राहिला.

"नाही म्हणजे अजिबात नाही?" तिने विचारलं.

"आहे, पण दबका. पांघरुणाखालून आल्यासारखा."

ती टॉवेल तिथेच टाकून आतल्या खोलीत गेली. बायको पलंगावर बसून बटणं निवडत होती. सुनेने वाकून तिच्या छातीला कान लावला. बायको हसली. "काय गं, माझ्या मनात काय आहे ते ऐकतेस का?" सून हसली नाही. किती तरी वेळ तशीच वाकलेली राहिली. तिची वेणी बायकोच्या मांडीवर, बटणांच्या डब्यात पडली होती.

मग ती उठून आपली पिशवी घेऊन आली. पट्टा, सुई, निळ्या झाकणाची नळी. "आत्ता? परवाच तर घेतलंस," बायको कुरकुरली. सुई आत गेली आणि नेहमीचं सुरू झालं. मीही नेहमीसारखा दारातून म्हणालो, "बस झालं गं."

"नाही, बाबा," सून म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून तिने मला असं उत्तर दिलं नव्हतं. मला रागच आला. तिने वर बघितलंही नाही. शीर सरकली, तिने सुई किंचित मागे घेऊन पुन्हा घातली, बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ही आपली नळीकडे बघत बसली. रक्त रेघेला टेकलं तेव्हा तिने सुई काढली, नळी हलकेच दोन-चार वेळा उलटीसुलटी केली आणि चपला घालतानाच म्हणाली, "त्यांना उठू देऊ नका. काहीही काम नको. मी फोन करते."

तिची स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी ऐकत होतो. मग मला काय करावं सुचेना. दुकानात गेलो, एका मशीनचा तळ उघडला, स्क्रू काढले, ते कुठले कुठे ते विसरलो. परत आत आलो. बायको म्हणाली, "अहो, बसा ना एका जागी, मला फिरल्यासारखं होतंय." बसलो. उठलो. तिच्या छातीला कान लावावा असं वाटत होतं, पण ऐकायची हिंमत होत नव्हती. ज्या आवाजाला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, तोच आता मला हवा होता. बाहेर कुणीतरी दुरुस्तीचं मशीन घेऊन आलं होतं, त्याच्यावर मी उगाच खेकसलो.

फोन आला. सुनेचा आवाज अगदी सपाट होता. "आकडा दीड आहे. गाडी बोलावून आईंना हॉस्पिटलला आणा. चालवू नका, खुर्चीत बसवूनच गाडीपर्यंत न्या. मी तिथेच येते."

"दीड? अगं, ते तर चार होतं. गोळी कमी केली डॉक्टरांनी."

"चार नव्हतंच बाबा. बहुतेक कधीच नव्हतं."

हॉस्पिटलात छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर झडप बघितली. तिला दारासारख्या दोन फळ्या असतात. एक उघडमीट करत होती. दुसरी जागची हलत नव्हती, तिच्या बिजागरीत गुठळी बसली होती. डॉक्टर तरुण होते, भराभर बोलत होते. पुन्हा छाती उघडायची, किंवा शिरेतून औषध देऊन गुठळी विरघळवायची. औषधाने गुठळी विरघळते, पण दुसरीकडे कुठे रक्त वाहायला लागलं तर ते थांबत नाही. गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर आणखी वाईट. "पण आकडा वरचा असताना गुठळी झालीच कशी?" त्यांनी कागद चाळत विचारलं.

सून म्हणाली, "नळी मी कमी भरत होते. घरी मीच घेतलं, लॅबमध्ये मीच तपासलं. कमी रक्तात औषध जास्त पडलं की नळीतलं रक्त उशिरा गोठतं. मग आकडा खोटाच वर येतो. दुसऱ्या कुणाची तशी नळी आली असती तर मी कचऱ्यात टाकली असती."

डॉक्टर औषधाची तयारी करायला निघून गेले. मुलगा कारखान्यातून तसाच कामाच्या कपड्यांत आला होता. तो तिच्यावर घसरला. "रोज हेच काम करतेस ना तू? आणि घरच्या माणसाच्या बाबतीत हे?" ती भिंतीला टेकून उभी होती. मलाही तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण मला ते दारातलं माझंच "बस झालं" ऐकू येत होतं.

"तिला थांबवायचो मी," मी मुलाला म्हटलं. "आणि ओरडायची तुझी आई. आता गप्प बस."

रक्त तयार ठेवायला हवं होतं. मी बाही वर केली. "माझं घ्या. हवं तेवढं घ्या."

रक्तपेढीतल्या बाईंनी माझं बोट टोचून गट तपासला आणि बायकोचा कागद बघितला. "तुमचं बी पॉझिटिव्ह. त्यांचं ओ निगेटिव्ह. तुमचं त्यांना दिलं तर विष होईल."

संसार केला आम्ही एवढा, आणि माझं रक्त तिला विष. मी त्या बाईंशी वाद घालायला लागलो तेव्हा सुनेने मला बाजूला घेतलं. तांबड्या पेशींवर खुणा असतात म्हणाली. कुणावर ए, कुणावर बी, कुणावर दोन्ही. आईंच्या पेशींवर यातली एकही नाही. म्हणून ज्याच्यावर खूण दिसेल तो परका, असं त्यांचं रक्त लहानपणापासून धरून बसलंय. तुमच्या पेशी आत गेल्या की त्या फोडून टाकेल. पॉझिटिव्ह म्हणजे आणखी एक खूण, तीही त्यांच्याकडे नाही. मुलगा बापावर गेलेला, बी पॉझिटिव्ह. त्याच्या जन्माच्या वेळी आईंना या खुणेपायीच इंजेक्शन द्यावं लागलं होतं. त्यांच्या पेशी कुणालाही चालतील, त्यांना मात्र फक्त त्यांच्यासारख्याच्या चालतात.

बायकोला स्ट्रेचरवरून नेत होते तेव्हा तिने हे ऐकलं असावं. धापा टाकत म्हणाली, "म्हणजे पोटचा पोरगाही उपयोगाचा नाही." मुलगा रडायच्या बेतात होता, त्याला हसू आलं.

पेढीत ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती. दुसरी हवी होती. सुनेने एक फोन केला, आणि थोड्या वेळाने तिच्या लॅबमधल्या मोठ्या बाई आल्या. सून घरी त्यांच्याबद्दल सांगायची, नळी केसभर कमी भरलेली असली तरी त्या फेकून देतात आणि वर चार शब्द सुनावतात. त्यांचं रक्त ओ निगेटिव्ह. सून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि डॉक्टरांना सांगितलं होतं तेच सगळं तिने पुन्हा सांगितलं. या वेळी तिचा आवाज फुटला.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं. "आधी हे देऊन येते," त्या म्हणाल्या. रक्त देऊन, दंडावर कापूस दाबून बाहेर आल्या तेव्हा सुनेजवळ बसल्या. "आपल्या माणसाची नळी आपण तपासायची नाही. आजपासून हा नियम. तू लिहून लाव भिंतीवर, सही मी करते." एवढं बोलून त्या गेल्या. त्यांची पिशवी शेवटी बायकोला लागली नाही, दुसऱ्या कुणाला तरी लागली. पण ती आहे एवढ्यावर आम्ही तो दिवस काढला.

औषध थेंबाथेंबाने चाललं होतं. मला बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. पॅसेजच्या या टोकाला पाण्याचं मशीन, त्या टोकाला लिफ्ट, मधे मी. लिफ्टचा दरवाजा बंद होताना करकरायचा, त्याचं तेल संपलं होतं, आणि माझा सगळा संताप मी त्या दरवाज्यावर काढला. अधूनमधून मला आत सोडायचे. बायको पडलेली, नाकाला नळी, दोन्ही हात गुंतलेले. भोवती यंत्रांचं पीं पीं. त्या गलक्यात मला जे ऐकायचं होतं तेच ऐकू येत नव्हतं. मी वाकून तिच्या छातीला कान लावला तर नर्सने हटकलं. बाहेर आलो. पुन्हा फेऱ्या. सून आणि मुलगा एका बाकावर बसले होते, मधे एका माणसाची जागा सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत सोडलं तेव्हा नर्स औषधं आणायला गेली होती. मी संधी साधली. आधी नुसती धडधड. मग तिच्याखाली, अगदी खोल, टक. मला भास वाटला. श्वास धरून ठेवला. टक. टक.

"अहो," बायको डोळे न उघडता म्हणाली, "दाढी टोचतेय."

मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. नर्स परत आली, तिने बघितलं आणि औषधं लावायला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेली. दुपारी पडद्यावर दोन्ही फळ्या हलत होत्या. डॉक्टरांनी दाखवल्या मला, पण मला त्यात काही कळलं नाही. मला सकाळीच कळलं होतं.

घरी आल्यावर गोळी पुन्हा वाढली, आणि रक्त वरचेवर तपासायचं ठरलं. सुनेने आधीच सांगून टाकलं, "मी घेणार नाही. लॅबमधून दुसरं कुणीतरी येईल." तिने मुलाशीही नीट बोलणं सोडलं होतं. कामाला जायची, यायची, घड्या घालायची. बायकोने दोन दिवस हे बघून घेतलं.

"बाहेरच्या बाईसमोर मला ओरडता येणार नाही," ती म्हणाली. "तूच घे. तपासू दे हवं तर तुझ्या त्या मोठ्या बाईंना."

"आई, माझा हात थरथरेल."

"थरथरू दे. माझाही थरथरतो काज करताना. काज होतंच ना."

सून खुर्ची घेऊन बसली. पट्टा बांधला. निळ्या झाकणाची नळी समोर ठेवली, रेघ माझ्याकडे करून. मी दारात उभा होतो, तिथून बायकोजवळ गेलो आणि तिचा मोकळा हात धरला. सुई टेकायच्या आधीच तिने सुरुवात केली. शीर सरकली. सुनेने ओठ दाबून पुन्हा प्रयत्न केला. रक्त आलं, नळीत चढू लागलं, सावकाश, फारच सावकाश. बायकोची नखं माझ्या तळव्यात रुतली.

"अहो, सांगा ना तिला. बस म्हणा ना."

रक्त रेघेच्या बरंच खाली होतं. सुनेने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"अजून," मी म्हणालो. "अजून थोडं."

बायकोने मला शिवी दिली. इतक्या वर्षांत तिने मला दिलेली ती पहिलीच शिवी. माझा हात मात्र तिने सोडला नाही, आणि मी त्या रेघेकडे बघत राहिलो.